बाळ बरं असतानाच दाखवायचं : जन्मापासून दीड वर्षापर्यंतच्या तपासण्या

‘बाळ अंगावर छान पितंय, रडत नाही, मग उगाच दवाखान्याच्या पायऱ्या कशाला चढायच्या?’ माझ्या मुलीच्या वेळी आमच्या आत्यांनी हे विचारलं, तेव्हा मला काही उत्तर सुचलं नव्हतं. आज सुचतं. थायरॉइड कमी असलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी गुणी वाटतं, झोपतंही भरपूर. ऐकू न येणारं बाळ इतर बाळांसारखंच हसतं. खुब्याचा सांधा सैल असला तर दुखत नाही, म्हणून बाळ रडत नाही. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत महिने निघून जातात, आणि उपचाराचा चांगला काळ नेमका तेवढाच असतो. म्हणून या तपासण्या तक्रारीवर नसतात, तारखेवर असतात. पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी त्या तारखा आणि त्या दिवशी काय करायचं, ते क्रमाने सांगते.

१. घरी सोडण्याआधी

सुट्टीच्या दिवशी फार गडबड असते. बिल, रिक्षा, औक्षणाची तयारी. पण उंबरठा ओलांडण्याआधी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन पाच मिनिटं खाली बसा आणि त्यावर या गोष्टी लिहिल्यात का ते बघा: जन्माचं वजन, डोक्याचा घेर, लांबी, आणि व्हिटॅमिन के दिलं का. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन जन्मानंतर लगेच मांडीत देतात. ते राहिलं तर काही बाळांना पहिल्या काही आठवड्यांत शरीरात रक्तस्राव होऊ शकतो.

मग तीन लसी. बीसीजी, पोलिओचा ‘शून्य’ डोस आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस. यातली हिपॅटायटिस बीची लस २४ तासांच्या आतच द्यायची असते. पोलिओच्या शून्य डोसला १५ दिवसांची मुदत असते आणि बीसीजी वर्षाच्या आत कधीही चालते. बाळ शनिवारी रात्री झालं आणि लसीचं सोमवारवर गेलं, असं होतं. म्हणून ही एक गोष्ट नातेवाइकांपैकी कुणीतरी मागे लागून करून घ्यावी.

यानंतर चार तपासण्यांची नावं घेऊन विचारा. त्या सगळीकडे आपोआप होतातच असं नाही.

हृदयासाठी: हातापायाला चिमट्यासारखा सेन्सर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. बाळ २४ तासांचं झाल्यावर करायची, दोन मिनिटांचं काम. जन्मजात हृदयदोषातले काही गंभीर प्रकार यात पकडले जातात.

थायरॉइडसाठी: टाचेला बारीक टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर छापलेल्या गोलांमध्ये टिपतात. साधारण ४८ ते ७२ तासांनी. हे बघताना आईच्या पोटात कालवतं, बाळ मात्र एकदा किंचाळून लगेच पुन्हा झोपतं. थायरॉइड कमी निघालं तर रोज एक छोटी गोळी चुरून द्यायची असते, एवढाच उपचार. पण तो पहिल्या दोनेक आठवड्यांत सुरू झाला पाहिजे, कारण उशीर झाला की मेंदूची वाढ मागे पडते आणि ती नंतर भरून निघत नाही. रिपोर्ट कधी, कुणाकडून मिळणार हे तिथेच लिहून घ्या. चाचणी केली आणि रिपोर्ट आणायचा राहून गेला, हे मी जवळच्या घरात पाहिलंय.

कानासाठी: झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंड्यासारखं टोक ठेवून यंत्र बारीक आवाज सोडतं आणि आतून येणारा प्रतिसाद मोजतं. पहिल्या वेळी ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा, असं आलं तर घाबरू नका, जन्माच्या वेळचं पाणी-चिकटा कानात असला तरी तसं येतं. पण पुन्हा करायला नक्की जा. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार असा कानाचा हिशेब असतो. टाळी वाजवली की दचकतं, म्हणजे ऐकू येतं, ही घरगुती परीक्षा धरू नका. टाळीबरोबर वाऱ्याची झुळूकही जाते.

डोळ्यासाठी: टॉर्चसारख्या उपकरणाने बाहुलीतून येणारी लाल चमक बघतात. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर याशिवाय पडद्याची वेगळी तपासणी लागते, तीही बाळ महिन्याचं व्हायच्या आत. अगदीच लवकर झालेल्या बाळाला याहून आधी. ही चुकवू नका.

२. पहिला आठवडा

आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. मला वाटतं, ज्या काळात पहिल्या आठवड्यातच बाळं दगावायची, त्या काळची भीती या पूजेत उरली असावी. योगायोग असा, की वैद्यकीयदृष्ट्याही तिसरा ते पाचवा दिवस हाच डोळ्यांत तेल घालून बघायचा. वजन सर्वांत खाली गेलेलं असतं आणि कावीळ सर्वांत वर आलेली असते. म्हणून घरी आल्यावर पाचवीच्या आसपास एकदा डॉक्टरांना दाखवाच, घरात पूजेची कितीही धावपळ असो.

वजन जन्मापेक्षा सात ते दहा टक्क्यांपर्यंत कमी होणं नेहमीचं आहे. तीन किलोचं बाळ २७०० ग्रॅमपर्यंत उतरू शकतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. न आलं तर बाळ छातीला नीट लागतंय का, हे कुणी जाणत्या नर्सने आईजवळ बसून बघायला हवं.

कावीळ तपासायची तर ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाउजेडी खिडकीशी. कपाळावर, मग छातीवर, मग मांडीवर बोटाने हलकं दाबून सोडा. दाबलेल्या जागी पिवळं दिसतं का बघा. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना. पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, तर एक तासही थांबायचं नाही. ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ हा सल्ला सगळीकडून मिळेल. वाढलेल्या काविळीवर दवाखान्यातल्या निळ्या दिव्यांचं काम ऊन करत नाही, आणि त्या नादात बाळ गार पडतं किंवा भाजतं.

दूध पुरतंय का हे कळायची सोपी खूण म्हणजे लंगोट मोजणं. आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा ते आठ वेळा शू व्हायला हवी. शी दिवसातून सात वेळा होईल, नाहीतर नुसतं अंगावर पिणारं महिन्याचं बाळ चार दिवस करणारही नाही; मऊ असेल आणि बाळ खुशाल असेल तर चालतं. मात्र शीचा रंग बघा. पिवळी, हिरवट, मोहरीसारखी कशीही चालेल. पांढुरकी, खडूसारखी किंवा पिठासारखी असेल तर डॉक्टरांना तो लंगोटच नेऊन दाखवा. पित्ताची नळी बंद असण्याची ही खूण असू शकते आणि त्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते.

नाळ कोरडी ठेवायची, बस. हळद, तेल, राख, पावडर काही नाही. बाळाची छाती सुजल्यासारखी दिसली तर न्हाऊ घालणाऱ्या मावशी ती पिळायला बघतील. त्यांना गोड शब्दांत पण ठामपणे थांबवा. आईच्या संप्रेरकांमुळे येणारी ती सूज आपोआप जाते, पिळलं तर पू होतो. मुलींना दोनचार दिवस अंगावरून किंचित लाल जातं, तेही त्यातलंच. कानात-नाकात तेल, बोटाने मध, डोळ्यांत काजळ हे तिन्ही टाळा. मध तर वर्षभर नकोच.

३. आशाताई येतील तेव्हा

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. मग तपासणीच घरी आली तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नेमकं हेच केलं. ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाचं वजन, तापमान, श्वास बघायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि पुढे २०११ पासून घरभेटींची हीच कल्पना देशभरात आशांमार्फत सुरू झाली.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही एक. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत पुन्हा पाच. त्या काटा, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन येतात. आल्या की ‘झोपलंय हो बाळ’ म्हणून दारातून परत पाठवू नका. झोपलेल्या बाळाचा श्वास मोजायला उलट सोपा जातो: पोट वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरला, तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढाच आला तर दवाखाना. हे मोजणं त्यांच्याकडून शिकून घ्या. रात्री दोन वाजता कामी येतं.

४. वजनाचा काटा

आता माझी फजिती सांगते. मुलगी महिन्याची झाली तेव्हा एका लसीकरणाच्या ठिकाणी वजन केलं, ३ किलो ७००. बारा दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात केलं, ३ किलो ६५०. बाळ पन्नास ग्रॅमनी उतरलं! घरात एकदम सुतक आल्यासारखी शांतता. दूध पुरत नाही असं ठरलं, डबा आला, बाटली आली. दोन दिवस मी रडत वरचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी एवढंच विचारलं, ‘आधीच्या वेळी अंगावर काय काय होतं?’ झबलं, टोपरं, मोजे, दुपटं आणि ओला लंगोट. घरी येऊन ते सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: ३१० ग्रॅम. म्हणजे महिन्याचं खरं वजन ३ किलो ३९०, आणि बारा दिवसांत २६० ग्रॅम वाढ. दिवसाला बावीस ग्रॅमच्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी असते. बाळ उत्तम चाललं होतं, बिघडलं होतं ते आमचं वजन करणं.

तेव्हा वजन दर वेळी शक्यतो त्याच काट्यावर, उघड्या अंगाने, काटा शून्यावर आहे ना बघून. आणि ते लगेच कार्डावर. माता व बाल संरक्षण कार्डात वाढीचा आलेख असतो, मुलींसाठी गुलाबी, मुलांसाठी निळा. त्यावर नुसता आकडा नको, ठिपका काढून मागच्या ठिपक्याला जोडायला सांगा. एकटा ठिपका काही सांगत नाही. शेजारचं बाळ साडेपाच किलोचं आणि आपलं पाच, याला काही अर्थ नसतो. आपली रेघ आपल्या वाटेने वर चालली आहे का, एवढंच बघायचं. रेघ दोन महिने आडवी झाली किंवा खाली वळली की विचारायचं. ढोबळ हिशेब असा: पाच महिन्यांना जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. लांबी जन्माला पन्नास सेंटिमीटरच्या आसपास, वर्षाला पंचाहत्तर.

डोक्याचा घेर मोजायला लोक विसरतात. जन्माला साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर, पहिले तीन महिने दरमहा दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने एक, मग अर्धा. टाळू ‘भरायला’ तेल थापतात, पण ती तेलाने भरत नाही. नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हाडं जुळून आपली आपण भरते.

५. दीड महिन्याची मोठी भेट

सव्वा महिना संपला की पहिला फेरफटका देवळात आणि दुसरा इथे. हा नुसता टोचून आणण्याचा दिवस नाही. डॉक्टरांनी बाळाला उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत बघायला हवं: हृदयाचे ठोके, मांड्या बाजूला उघडतात का, मांडीवरच्या घड्या सारख्या आहेत का, मुलाच्या दोन्ही गोट्या उतरल्यात का (सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात, नंतर सर्जन). बाळ पोटात पायाळू असेल, विशेषतः मुलगी, तर खुब्याच्या सोनोग्राफीबद्दल विचारा. आणि पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधू नका. कंबरेशी सैल ठेवा. आपल्या आज्या बाळाला कडेवर घ्यायच्या, त्यात पाय फाकलेले राहतात, ते सांध्याला चांगलंच.

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी तीन सुया आणि दोन तोंडाने. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडात पोलिओची एफआयपीव्ही. तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबांवरची रोटाव्हायरस. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, महापालिकेचा दवाखाना कुठेही हे फुकट. सैल, मांडी उघडता येईल असे कपडे घाला. सुई चालू असताना मांडीवर घट्ट धरा, झाल्या झाल्या पदराआड घ्या. अर्धा तास तिथेच थांबा. ताप येईल, तापाच्या औषधाचे किती थेंब द्यायचे ते वजनावर ठरतं, म्हणून नर्सकडून लिहूनच घ्या. सुईच्या जागी शेक, मालिश, बर्फ काही नको. याच सुमाराला जन्माच्या बीसीजीची डाव्या दंडावरची गाठ फुगून फुटते. तशी ती फुटायचीच असते, मलम लावू नका.

साधी सर्दी असली तरी लस पुढे ढकलू नका. आणि पुढे गेलीच, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसपासून चालू. लवकर जन्मलेल्या बाळाच्या लसीही जन्मतारखेवरच मोजतात. त्याचं हसणं-बसणं मात्र अपेक्षित तारखेपासून मोजायचं, नाहीतर विनाकारण ‘मागे आहे’ वाटतं.

६. पुढचे महिने

अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या भेटी लसींच्या. अडीचला एकच सुई, साडेतीनला पुन्हा तीन. साडेतीनच्या वेळी मान धरतंय का, नजरेला नजर देऊन हसतंय का, ते डॉक्टरांना सांगा. व्हिटॅमिन डीचे थेंब वर्षभर रोज ४०० युनिट. बाटलीवर मात्रा बघून मगच, कारण प्रत्येक कंपनीच्या थेंबाची ताकद वेगळी.

सहाव्या महिन्याला बहुतेक लोक जात नाहीत, कारण सरकारी वेळापत्रकात तेव्हा सुई नाही. जाच. वरचं अन्न काय द्यायचं याचं बोलणं याच भेटीत होतं: मऊ वरणभात, नाचणीचं सत्व, त्यावर तुपाचा थेंब. लोहाचं औषधही याच वयापासून, आठवड्यातून दोनदा. नजर तिरळी राहते का, आवाजाकडे मान वळवतं का, हे बघायचं हेच वय. बाहुलीत कधीही पांढरी चमक दिसली, अगदी मोबाइलच्या फोटोतसुद्धा, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ.

नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ. ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराचीही लस. आधाराशिवाय बसतंय का, नावाने हाक मारली की बघतं का, हे विचारलं जाईल. हिमोग्लोबिन करून घ्यायला हाच सुमार बरा. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागात आई-वडिलांपैकी कुणात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर हे जन्मापासूनच डॉक्टरांच्या कानावर घाला.

काही दोष आढळलाच तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढचे उपचार मोफत मिळू शकतात. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली. आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार आणि नेण्याआणण्याचा खर्चही लागत नाही.

७. तारखेची वाट बघायची नाही तेव्हा

दूध ओढत नाही. उठवूनही उठत नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. झटके येतात. हिरवी उलटी. टाळू खोल गेलेली. नाळेभोवती लाली किंवा पू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर ताप, किंवा उलट पोट आणि पावलं दोन्ही थंडगार. यातलं एक जरी दिसलं तरी दृष्ट काढत बसू नका. १०८ ला फोन, आणि वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण.

८. माहेरहून सासरी जाताना

लस सर्वांत जास्त इथे राहते. बाळंतपण माहेरी, नोंद माहेरच्या आशाताईंच्या वहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ सासरी. माहेरच्या वहीत ‘बाहेरगावी गेले’, सासरच्या वहीत बाळाचं नावच नाही. निघण्याआधी आशाताईंना सांगा, पोचल्यावर तिकडच्या अंगणवाडीत नाव घाला. कार्ड बॅगेत तळाला नको, पर्समध्ये. शिवाय प्रत्येक पानाचा फोटो बाबांच्या फोनमध्ये. ‘यू-विन’ या सरकारच्या लसीकरण पोर्टलवर नोंद केली असेल तर कार्ड हरवलं तरी लसींचा हिशेब मिळतो.

आणि एक तारीख अशी, की ती जवळजवळ प्रत्येक घर विसरतं. नऊ महिन्यांनंतर पुढची सुई थेट १६ ते २४ महिन्यांत: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचा बूस्टर, पुन्हा जीवनसत्त्व अ. तोवर बाळ धावायला लागलेलं असतं, पहिला वाढदिवस होऊन गेलेला असतो आणि कार्ड कपाटात साड्यांखाली गेलेलं असतं. आम्ही सोळावा महिना कधी भरतो ते कार्डाच्या मागेच लिहून ठेवलं होतं, आणि नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं त्या दिवशी त्यावर लाल पेनने गोल केला.